मावशीचं वजन

या, अशा लांब का बसलात? खुर्ची उचला आणि हीटरच्या अंगाला सरका. चॅपलचा हा मागचा हॉल जूनमध्येही उबत नाही. चहा अजून किटलीत आहे, कपबशा धुऊन झाल्या आहेत आणि बाहेरचा पाऊस काही इतक्यात थांबत नाही. तेवढ्यात तुम्हाला एका गाडीची गोष्ट सांगते. गाडीची म्हणजे टेग्विन आणि एलिनेदची. ती सांगायची मला परवानगी आहे. परवानगी कसली, मला तसं सांगितलंच आहे.

टेग्विन आमच्या गावचा बसवाला. छत्तीस वर्षं त्यानं एकच रस्ता चालवला, खाणीच्या वरच्या अंगापासून खाली बंदरापर्यंत आणि परत. त्या रस्त्यावर कोणाच्या फाटकाशी कोण कधी उभं असणार हे त्याला पाठ होतं. एखादी म्हातारी दिसली नाही तर तो बस थांबवून दार वाजवून यायचा. मग तो मार्गच बंद झाला. टेग्विन तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. कंपनीनं हातावर जी रक्कम ठेवली तिची त्यानं एक वापरलेली कॅम्पर व्हॅन घेतली, आतच ओटा आणि राहायची सोय असलेली. सायीच्या रंगाची, पोटावर तपकिरी पट्टा असलेली, रुंद आणि सावकाश. घाटात मागे गाड्यांची रांग लागली तरी हिला घाई नाही. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं मावशी. तेच राहिलं.

एलिनेद शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिनं गाडी पाहिली, आत गेली, ओट्यावरून हात फिरवला, तीन पावलं चालली आणि म्हणाली, "संपलं?"

"संपलं कुठे, सुरू झालं," टेग्विन म्हणाला.

आता ही गाडी त्यांनी वापरली कशाला, ते ऐका. लोक असल्या गाड्या घेऊन उन्हाकडे जातात, दक्षिणेला, पार स्पेनपर्यंत. हे दोघं गेले बंद पडत चाललेल्या चॅपलांकडे. आमच्या या डोंगरात आणि समुद्राकाठी अशी कितीतरी चॅपलं आहेत जिथे रविवारी पाच माणसं येतात, आणि त्या पाचांत बाजा वाजवणारं कोणी उरलेलं नाही. टेग्विनकडे त्याच्या आत्याची घडीची पेटी होती, मिटली की बॅगेएवढी होणारी, पायानं भाता मारायची. ती त्यानं मावशीत चढवली. एप्रिल ते सप्टेंबर, दर शनिवारी निघायचं, चॅपलच्या आवारात गाडी लावायची, रात्र तिथेच काढायची, रविवारी वाजवायचं, सोमवारी परत.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, समुद्राच्या टोकाशी. पाऊस असा की चॅपलची पायरी दिसेना. आत सहा बाया, एक शेतकरी आणि त्याचा कुत्रा. प्रवचनाला इथेल पाळक, वय ब्याऐंशी. सुरुवातीला त्यांचा आवाज इतका बारीक की कुत्र्याचं खाजवणं जास्त ऐकू येत होतं. पण अर्ध्या तासानं काय झालं कोण जाणे, त्यांचं बोलणं बोलणं राहिना. वाक्याचं टोक वर चढायला लागलं, मग खाली यायला लागलं, आणि बघता बघता प्रवचन गाण्यात शिरलं. जुन्या पाळकांचं होतं तसं. आमच्या लहानपणी त्यासाठी लोक डोंगर ओलांडून चालत जायचे. टेग्विननं अगदी हळू भाता मारून एकच सूर खाली धरून ठेवला, आणि त्या सुराच्या हाताला धरून तो ब्याऐंशी वर्षांचा माणूस वर वर जात राहिला. मी कितीतरी प्रवचनं ऐकली, पण देव इतक्या जवळ, ओल्या कोटांच्या वासात, मी दुसरीकडे कुठे अनुभवला नाही. नंतर आम्ही सगळे मावशीत कोंबून बसलो, काचा वाफेनं पांढऱ्या, आणि एलिनेदनं लोखंडी तव्यावर मनुकांच्या गोड टिकल्या भाजून दिल्या. कुत्र्यालाही एक.

हे सुख होतं. मी खोटं सांगणार नाही, ते फार मोठं सुख होतं.

पण सुखाच्या खालची बाजू एलिनेदकडे होती. छत दर हिवाळ्यात नव्या जागी गळायचं. गाद्यांना ओलीचा वास बसायचा तो मेपर्यंत जायचा नाही. फ्रिज गॅसवर चालायचा, पण वारा सुटला की विझायचा, आणि आमच्याकडे वारा कधी सुटत नाही ते सांगा. विमा, टायर, वर्षाची तपासणी, आणि दर तपासणीत खालचा एखादा गंजलेला तुकडा. संडासाची पेटी तेवढी टेग्विन रिकामी करायचा, ते त्याच्या बाजूला धरा. आणि मग तो पलंग. मावशीत पलंग नव्हताच. टेबल खाली पाडायचं, बाकांच्या पाठी काढायच्या आणि गाद्यांचे तुकडे एकात एक बसवायचे, की पलंग होतो. सकाळी सगळं उलट. चौदा वर्षं दर शनिवारी, रविवारी हे एलिनेदनं केलं. गुडघे टेकून, डोकं कपाटाला आपटून. त्या वेळी टेग्विन बाहेर असायचा, चाकांखाली लाकडं सरकवून गाडी पातळीत आणत. ते काम त्याला फार महत्त्वाचं वाटायचं.

मग टेग्विननं सत्तरी गाठली.

इथे सत्तरीला वाहन परवाना नव्यानं घ्यावा लागतो. साधी गाडी चालवायला काही अडचण नाही, पण साडेतीन टनांच्या वरचं काही चालवायचं तर डॉक्टरची सही पाहिजे. मावशीच्या पाटीवर भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन तीन हजार आठशे पन्नास किलो लिहिलेलं. टेग्विनचा उजवा डोळा कडेनं अंधुक झालेला. डॉक्टर म्हणाले, "छोटी गाडी चालव, टेग्विन. ही सही मी करणार नाही." छत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, त्याला हे सांगताना डॉक्टरांनी म्हणे खिडकीबाहेर बघितलं.

पण एक वाट असते. अर्ज करून गाडीचं कागदावरचं वजन कमी करून घेता येतं. टेग्विननं ते केलं. नवी पाटी आली, तीन हजार पाचशे. आता एकच अट, गाडी माणसांसकट, सामानासकट त्याच्या आत राहिली पाहिजे. याच हॉलमध्ये, चहाच्या वेळी, त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शनिवारी बाजाराच्या काट्यावर नेतो. साडेतीनच्या आत आली तर ठेवतो. नाही आली तर विकतो. कायद्याबाहेर मी एक किलोही चालवणार नाही."

सगळे "येईल रे, येईल" म्हणाले. एलिनेद माझ्याशेजारी कप पुसत होती. तिचा हात थांबला. तिनं मला नंतर सांगितलं, ती 'विकतो' हा शब्द ऐकून आत कुठेतरी हलकी झाली, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. कारण त्या क्षणी तिला कळलं की ती काय मागतेय. देवाच्या घरात उभं राहून ती मागत होती की नवऱ्याची गाडी जड निघू दे.

आठवडाभर टेग्विन न्हाणीघरातला वजनाचा काटा दारात ठेवून एकेक वस्तू मोजत होता. पुढचा कापडी मांडव बावीस किलो, घरी. टीव्ही घरी. हत्यारांची पेटी, गॅसची दुसरी टाकी, चाळीस गीतपुस्तकं, सगळं घरी. सगळं एका वहीत. त्याची वही तुम्ही पाहायला हवी होती. बसच्या वेळापत्रकासारखी, रेघा मारून.

एलिनेद बाहेर आली तेव्हा तिचा तवा घरी ठेवायच्या ढिगात होता.

"हा का?"

"साडेचार किलो आहे. अ‍ॅल्युमिनियमचा आण एक."

"त्यावर टिकल्या करपतात."

"मग नको करूस टिकल्या. बिस्किटं नेऊ."

"आणि पेटी किती?"

"पेटी मोजायची नाही."

"का? तिला वजन नाही?"

"एकोणतीस किलो," टेग्विन म्हणाला. त्यानं तीही मोजली होतीच. "पण ती राहणार. तिच्याचसाठी जायचं ना."

"माझा तवा साडेचार, तो घरी. तुझी पेटी एकोणतीस, ती देवाची."

"तसं नाही गं."

एलिनेद चपला काढून काट्यावर चढली. खाली बघून म्हणाली, "एकसष्ट. लिही. सगळ्यांत जड वस्तू मीच आहे. मलाही घरी ठेव, सुटशील."

टेग्विन हसला. खूप वेळ हसला. वहीत त्यानं लिहिलं, एलिनेद, एकसष्ट, कपड्यांसकट, आणि पुढच्या वस्तूकडे वळला.

ती चेष्टा नव्हती. पण ज्यानं चौदा वर्षं ऐकलं नाही त्याला एका वाक्यात कसं ऐकू येणार?

शनिवार आला. टेग्विनची बेरीज झाली होती तीन हजार चारशे बासष्ट. पाण्याची टाकी रिकामी, कारण मुक्कामी पोचल्यावर पाणी भरता येतं. अडतीस किलोंनी आत. तो इतका खुशीत होता की सकाळी केस कापायला गेला. "केसांचंही वजन असतं," जाताना म्हणाला.

तो वळणावर दिसेनासा झाला आणि एलिनेदनं निळा पाइप काढला. मावशीच्या अंगावरचं झाकण उघडलं, पाइप आत घातला आणि नळ सोडला. शंभर लिटरची टाकी. ती पायरीवर बसून राहिली. पाणी भरतानाचा आवाज आधी पोकळ येतो, मग भरीव होत जातो. ती म्हणाली, त्या पंधरा मिनिटांत तीन वेळा तिनं नळाकडे हात नेला. तिसऱ्यांदा पाणी तोंडाशी आलं होतं. तिनं नळ बंद केला, झाकण लावलं, पाइप गुंडाळून जागच्या जागी ठेवला आणि आत जाऊन नवऱ्याचा शर्ट इस्त्री केला.

बाजाराचा काटा म्हणजे जमिनीत बसवलेलं लोखंडी ताट. त्यावर मेंढ्यांचे ट्रक तोलतात. शनिवारी बाजार नसतो, म्हणून मोकळा. काट्यावर गेथिन, टेग्विनच्याच बसनं शाळेत गेलेला.

जाताना चढावर टेग्विननं गियर खाली घेतला. "आज मावशी जड वाटतेय."

"तू सत्तरीचा झालायस," एलिनेद खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"हं. तेही असेल."

गेथिननं खिडकीतून हात केला. "आण, आण. म्हातारीला उपाशी ठेवलंयस ना?"

"दोघींना," टेग्विन म्हणाला. गाडी ताटावर चढली. चारी चाकं आत आली. आकडे हलले आणि थांबले.

"तीन हजार पाचशे साठ," गेथिन म्हणाला.

टेग्विननं वही उघडली. परत मिटली. "काटा बरोबर आहे का रे? माझी बेरीज शंभरानं कमी येते."

"काल रात्रीच तपासलाय, साहेब आले होते. वीस किलोचा फरक पडेल फार तर. शंभराचा नाही."

तो दोन सीटांमधून वाकून मागे गेला. एलिनेद पुढेच बसली होती, पट्टा लावलेला, हात मांडीवर. दाराच्या वर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की टाकीत किती पाणी आहे ते दिवे सांगतात. तिनं ते बटण दाबल्याचा आवाज ऐकला. चारी दिवे लागले असणार. ती वळली नाही.

मग टेग्विन बाजूच्या दारानं उतरला आणि गेथिनच्या खिडकीशी गेला.

"पाणी काढलंयस ना टाकीतलं?" गेथिननं विचारलं. "लोक तेच विसरतात."

"टाकी रिकामी आहे," टेग्विन म्हणाला. "लिही. तीन हजार पाचशे साठ."

चॅपलच्या पुढच्या मोठ्या बाकावर, मानकऱ्यांत बसणारा माणूस. कोणाचं तिकीट एका पेनीनं चुकलं तर दुसऱ्या दिवशी थांब्यावर परत करणारा. एलिनेद सांगते, तो 'रिकामी' म्हणाला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता, जसा प्रत्येक थांब्याचं नाव घेताना असायचा.

परतीच्या वाटेवर खिंडीत गाड्या थांबवायला रुंद जागा आहे. तिथे त्यानं गाडी घेतली, उतरला, खाली वाकून टाकीची तोटी सोडली आणि परत येऊन बसला. पाणी रस्त्याच्या कडेनं उताराला लागलं.

"कधी भरलीस?"

"तू केस कापायला गेलास तेव्हा."

"निळा पाइप लावलास ना? हिरवा बागेचा आहे."

"निळाच."

"बरं," तो म्हणाला, "सांगायचं होतंस."

"सांगितलं. तू हसलास."

त्यानं वळून मागच्या बाकांकडे बघितलं. समोर मेंढ्या चरत होत्या. "गाद्यांमुळे?"

"गाद्या. गाडीची ती उंच पायरी. सोमवारची धुणी. पण हो, मुख्य गाद्याच."

"मी लावल्या असत्या."

"चौदा वर्षांत एकदाही लावल्या नाहीस. किती आहेत ते तरी ठाऊक आहे?"

"सहा."

"सात. एक उशाशी भिंतीला उभी राहते. तीच तुझं डोकं थंडीपासून वाचवते."

टेग्विननं मान हलवली. खाली पाणी पडत होतं. दोघंही ते ऐकत होते.

"रिकामी झाली की परत जा," एलिनेद म्हणाली. "गेथिन अजून असेल. पुन्हा तोल. तुझी बेरीज बरोबर होती, टेग्विन. मी चुकले."

"आता कसं जाऊ? मी त्याला रिकामी आहे म्हणालो."

"मग खरं सांग."

"खरं सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागेल."

"घे."

"नाही," तो म्हणाला. "दमलीस तू. मला दिसलं नाही. उजव्या डोळ्याचा दोष धरू म्हटलं तर तू कायम डाव्या बाजूला बसतेस." हे तो चेष्टेनं म्हणाला, पण चेष्टा अर्ध्यातच संपली.

पाणी थांबलं. त्यानं उतरून तोटी बंद केली, आणि ते घरी आले.

मावशी महिन्याभरात विकली गेली. दक्षिणेकडचं तिशीतलं जोडपं होतं, त्या मुलीनं गाद्या बघून "किती गोड" म्हटलं. एलिनेदनं तिला त्या लावायच्या कशा ते दाखवलं, सातही. टेग्विन आता छोट्या गाडीनं जवळच्या दोन चॅपलांत जातो. पेटी मागच्या सीटवर, तिला पट्टा बांधून. जाऊन दुपारी परत. समुद्राच्या टोकाला जाता येत नाही, एवढं लांब त्याच्या डोळ्याला जमत नाही. तिथलं चॅपल गेल्या वर्षी बंद झालं. शेवटच्या उपासनेला गीतं म्हणे फोनवर लावली. ते कळलं त्या दिवशी टेग्विन जेवला नाही, आणि एलिनेदनंही त्याला जेव म्हटलं नाही. ती स्वतःच्या पलंगावर झोपते, आणि झोप छान लागते. हे सांगतानाच तिला रडू आलं, की झोप इतकी छान लागते.

पण गावाला हसायला विषय मिळाला. वहीत रेघा मारून शंभर किलो चुकला, म्हणतात. दुकानात पिशवी भरली की कोणीतरी म्हणतंच, "टेग्विनकडून वजन करून आण." परवा याच हॉलमध्ये त्याला केक कापायला दिला तर गेथिन म्हणाला, "तुकडे मोजायला दुसरं कोणी बघा." टेग्विन सगळ्यांबरोबर हसतो. दोन वर्षं झाली, हसतोय. पुढच्या बाकावर बसून, खाली बघून हसतो. आणि तो बोलणार नाही, कारण बोलायचं तर तिचं नाव घ्यावं लागेल.

म्हणून गेल्या रविवारी एलिनेदनं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, "तूच सांग सगळ्यांना. मी सांगायला लागले तर तो मला थांबवेल. तू सांग. माझं नाव घेऊन सांग."

तर मी सांगितलं. पाऊस जरा ओसरलाय, तुम्ही निघाल. वाटेत कोणी भेटलं आणि टेग्विनच्या बेरजेवर हसायला लागलं, तर तुम्ही हसू नका. त्यांना सांगा, तीन हजार चारशे बासष्टच होतं. आणि संध्याकाळी घरी हात जोडून बसाल तेव्हा टेग्विनची आठवण ठेवा. त्यानं आयुष्यात एकच खोटं सांगितलं, आणि ते आपल्या बायकोच्या विश्रांतीसाठी सांगितलं. देवाला ते ठाऊक असेलच, तरी आपणही त्याच्या कानावर घालू.